आपल्या कालव्यात बोट का चालत नाही?



आमचं गाव सांगवी, तालुका बारामती. एका अंगाला नीरा नदी, वरच्या अंगाला नीरा डावा कालवा. आवर्तन सुटलं की वर्गातली काही मुलं डोळे चोळतच येतात, कारण रात्री वडिलांबरोबर दारं धरायला गेलेली असतात. कालवा या मुलांच्या घरातलाच विषय आहे.

मागे पाचवीला वाहतुकीचा पाठ घेत होते. जलमार्गाचं उदाहरण म्हणून इंग्लंडमधल्या कालव्यातल्या लांबट, रंगीत बोटीचं चित्र दाखवलं. एका मुलीने विचारलं, "बाई, कालवा तर आपल्याकडं पण आहे. मग आपल्यात बोट का नाही?" मी घाईत सांगून टाकलं, "आपला कालवा शेतीसाठी आहे ना, म्हणून."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कळलं, की दोन पोरं ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबला फळी बांधून कालव्यात सोडायच्या बेतात आहेत. माझ्या पोटात गोळाच आला. अर्धवट उत्तर दिलं, की उरलेलं उत्तर मुलं स्वतः शोधायला जातात. म्हणून तो पाठ मी पुन्हा घेतला. कसा घेतला, ते इथे देत आहे.

१) चला, एक दिवस बोटीवर

मुलांना डोळे मिटायला सांगितलं आणि प्रवास सुरू केला. आपली बोट जेमतेम २.१ मीटर रुंद, पण लांबी २० मीटरपर्यंत. म्हणजे वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतही ती मावणार नाही. आत स्वयंपाकघर, झोपायला फळ्या, शेगडी. चालवणारा मागे उभा. हातात सुकाणूचा दांडा. दांडा उजवीकडे ढकलला की बोटीचं तोंड डावीकडे वळतं. वेग ताशी फार तर ६ किलोमीटर. काठावरून कुणी भराभर चाललं तर ते आपल्या पुढे जाईल!

काठाने पायवाट आहे. पूर्वी त्या वाटेवरून घोडा चालायचा आणि दोरीने बोट ओढायचा. रस्त्यावर घोडागाडीत जेवढं ओझं जाई, त्याच्या कितीतरी पट ओझं तोच घोडा पाण्यावर ओढी. १७६१ साली ब्रिजवॉटर कालव्यातून वर्स्ली इथल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला जाऊ लागला आणि तिथला कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले, मालवाहतूक संपली. आज लोक तिथे सुट्टीसाठी बोटीने फिरतात, काही जण बोटीतच राहतात.

२) बोट टेकडी कशी चढते?

इथे मुलं सावरून बसली. पाणी तर उताराकडे जातं. मग बोट चढावर कशी जाणार?

उत्तर आहे 'लॉक'. दोन्ही बाजूंना दारं असलेला पाण्याचा हौद. बोट खालच्या दारातून हौदात येते. मागचं दार लावतात. मग हँडल फिरवून वरच्या बाजूची झडप उचलतात. वरचं पाणी हौदात येतं, पाण्याबरोबर बोटही वर येते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की वरचं दार हाताने ढकलून उघडतं. पातळी सारखी होण्याआधी कितीही जोर लावा, दार हलत नाही. पाण्याचा दाबच ते धरून ठेवतो. पंप नाही, वीज नाही.

एक मुलगा म्हणाला, "म्हणजे तिकडं पण दारंच धरत्यात!" वर्ग हसला, पण त्याला लॉक बरोबर समजलं होतं.

डिव्हायझेस गावाजवळ केन हिल इथे असे २९ लॉक आहेत. त्यातले १६ एकाखाली एक, घाटाच्या पायऱ्यांसारखे. तेवढी चढण चढायलाच पाच-सहा तास जातात.

गणितही इथेच घेतलं. हौद २२ मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि पाणी २.५ मीटर चढवायचं, तर पाणी किती लागेल? ११५.५ घनमीटर, म्हणजे १,१५,५०० लिटर. १०,००० लिटरचे जवळपास १२ टँकर! आणि हौद रिकामा झाला की एवढं पाणी खालच्या टप्प्यात जातं.

३) मग आपला कालवा?

१८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात आपला कालवा झाला. भाटघरला साठवलेलं पाणी नदीने वीरपर्यंत यायचं आणि तिथून कालव्यात वळायचं. कालवा उंचावरून नेला आहे, म्हणजे त्याच्या आणि नदीच्या मधल्या रानाला पाणी आपोआप उतरतं. बोटीचा कालवा म्हणजे पायऱ्या: प्रत्येक टप्प्यात पाणी सपाट, जवळजवळ उभं. आपला कालवा म्हणजे घसरगुंडी: उतार अगदी कमी, पण न थांबणारा. तिथलं पाणी बोट तोलतं, आपलं पाणी शेत गाठायला धावतं.

दोन्ही कामं एकाच कालव्यात होतच नाहीत, असं मात्र नाही. उत्तरेतला गंगा कालवा (१८५४) आणि आंध्रातले गोदावरीचे कालवे सिंचनासाठीच होते, पण बोटी जाव्यात म्हणून त्यांवर लॉक बांधले होते.

४) कृती

साहित्य: प्लॅस्टिकचा लांबट डबा, पुठ्ठ्याच्या दोन फळ्या, ओली चिकणमाती, कागदी होडी.

फळ्या उभ्या करून डब्याचे तीन भाग करा, कडा मातीने लिंपा. एका बाजूला पाणी जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. मधल्या भागात होडी सोडा आणि एकेक फळी थोडी उचला. आमचा पहिला पुठ्ठा भिजून वाकला. दुसऱ्या वेळी त्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, तेव्हा जमलं.

नंतर शाळेजवळच्या चारीत, मोठ्यांच्या देखरेखीत, बाभळीचा पाला सोडून १० मीटर अंतराला किती सेकंद लागतात ते मोजलं. २० सेकंद लागले. मग मी विचारलं, "चारी घोट्याएवढी. मोठ्या कालव्यात काय होईल?" उत्तर द्यायची गरजच पडली नाही. ट्यूबवाली दोन्ही पोरं खाली मान घालून बसली होती.

५) पालकांसाठी

"कालव्याकडं जाऊ नको" एवढं सांगून मुलं ऐकत नाहीत. कारण सांगा. वरून संथ दिसणारं पाणी आत ओढ घेतं. अस्तरीकरण केलेल्या तिरक्या कडा शेवाळाने निसरड्या होतात, धरायला काही सापडत नाही. पोहता येणारा माणूसही तिथे थकतो. कुणी पडलंच तर मागे उडी मारायची नाही. ओरडायचं, दोर किंवा लांब काठी टाकायची, मोठ्यांना बोलवायचं.

सरावासाठी प्रश्न

१. लॉकचं दार पातळी सारखी झाल्यावरच का उघडतं?
२. आपला कालवा गावाच्या उंच बाजूने का नेला असेल?
३. एका लॉकच्या पाण्यात तुमच्या घराची गरज किती दिवस भागेल? घरी मोजून या.

ट्यूब आता शाळेत आहे. तिच्यात वाळू भरून मुलांनी झाडाला आळं केलं आहे. आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिला मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, की पहिल्या दिवशी बाईंचं उत्तर अपुरं होतं. तुमच्याही वर्गात असा प्रश्न आला, तर घाई करू नका.