रीड शेवटी घे, बाय

अगं बाय, ती पिशवी आधी खाली ठेव आणि चहा घे. तीन पाकिटं आणलीस, तिन्हींत रीडच्या काळ्या पात्या, तिन्हींची जाडी वेगळी, आणि दुकानदार म्हणाला की सगळ्यात जाड तीच सगळ्यात भारी. तेव्हापासून तुझी झोप उडालीय. खरं सांगू का, एवढा जीव टांगणीला लावायचं काही कारण नाही. कुकरचं रबर केव्हा बदलायचं ते तुला कळतं, गॅसचा बर्नर तू स्वतः खोलून साफ करतेस. मग रीडही कळेल.

आधी गाडी कोणती ते बघ. तुझ्याकडे बाबांची कायनेटिक होंडा आहे, म्हणून हा प्रश्न तुला पडला. १९८४ साली ही गाडी आली ती बटणावर चालू होणारी आणि बिनगिअरची. किकच्या भीतीने स्कूटरपासून लांब राहिलेल्या कितीतरी बायका त्या बटणामुळे रस्त्यावर आल्या. तिच्या ९८ सीसीच्या इंजिनात रीड आहे. कानपूरच्या एलएमएलच्या पुष्कळ व्हेस्पांत आहे, आरएक्स १०० मध्ये आहे. पण तुझ्या काकांच्या जुन्या चेतकमध्ये नाही. तिथे क्रँकच फिरता फिरता हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची वाट उघडतो आणि झाकतो. त्यांना कुणी ‘चेतकला रीड लावून देतो’ म्हणालं, तर इंजिनाची केस कापावी लागेल हे त्यांच्या कानावर घाल.

आता रीडचं काम. एकाच बाजूला उघडणारी झडप, एवढंच. पिस्टन वर गेला की खाली ओढ तयार होते, पात्या उघडतात आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण आल्या वाटेने परत पळायला बघतं, तेव्हा पात्या मिटून त्याला अडवतात. म्हणजे रीड काही ताकद बनवत नाही, आत आलेलं बाहेर जाऊ देत नाही. इंजिन ६,००० आरपीएमवर असेल तर ही उघडझाप सेकंदाला १०० वेळा होते, बघ!

देवळातली भजनाची पेटी दुरुस्तीला खोललेली पाहिलीयस ना? आतल्या पितळी रीडपैकी लांब असते ती खालचा सूर देते, आखूड असते ती वरचा. इंजिनाच्या पातीलाही अशीच तिची स्वतःची लय असते. इंजिन त्या लयीच्या पुढे पळालं की पाती वेळेवर मिटत नाही, नुसती फडफडते, आणि पेट्रोल उलटं कार्बोरेटरमधून बाहेर उडतं. एअर फिल्टर पेट्रोलने ओला मिळाला तर पहिला संशय रीडवर घ्यायचा. म्हणून खूप फिरणाऱ्या इंजिनाला ताठ पाती लागते. पण तीच ताठ पाती कमी गतीला नीट उघडत नाही. आणि जाडीतला फरक डोळ्यांना फसवतो गं. ०.३० मिलिमीटरची पाती काढून ०.३६ची लावलीस तर वाटतं, एवढ्याने काय होतंय! पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ती पाती जवळजवळ पावणेदोन पट ताठ झाली.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. माझ्या पहिल्या स्कूटरला मी सगळ्यात जाड कार्बनच्या पात्या लावल्या, सायलेन्सर मात्र कंपनीचाच ठेवला. आईला मागे बसवून आंबेनळी घाट चढत होते. एका वळणावर एसटीला वाट द्यायला थांबले, आणि पुन्हा अॅक्सिलरेटर दिला तर गाडी नुसती घुसमटली. पाऊस चालू होता. आईला उतरून ते वळण चालत चढावं लागलं. ती काही बोलली नाही, पण तिचे भिजलेले पाय मला अजून आठवतात. घरी येऊन जुन्या पात्या परत लावल्या, तर गाडी पुन्हा सुरळीत.

म्हणून सांगते, रीड शेवटी घे. आधी सायलेन्सर आणि पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरच्या भोकांचं काम, ठरू दे, कारण इंजिन कुठल्या गतीला खरा जोर देणार ते त्या दोघांवर ठरतं. तुझ्या गाडीत आणखी एक गोष्ट आहे, ती दुकानदार सांगणार नाही. बिनगिअरच्या गाडीत व्हेरिएटरचे रोलर इंजिनाला एका ठरावीक गतीच्या आसपास धरून ठेवतात. रोलर हलके केलेस तर इंजिन जास्त फिरतं, जड केलेस तर कमी. तर पाती त्या धरलेल्या गतीला साजेशी हवी. सायलेन्सर कंपनीचा असेल तर मूळच्या ताठपणाचीच पाती घे. फुगीर पोटाचा ट्यून केलेला सायलेन्सर लावणार असशील तर एक पायरी ताठ. त्या तिसऱ्या पाकिटातल्या सगळ्यात जाड पात्या शर्यतीच्या इंजिनासाठी आहेत, ते पाकीट परत कर.

स्टील की फायबर? फायबर, डोळे मिटून. स्टीलची पाती टिकते, पण तुटली की तिचा तुकडा थेट क्रँककेसमध्ये जातो आणि पिस्टन-बोअर ओरबाडतो. एकदा मी कडेला टवका उडालेली पाती ‘पुढच्या महिन्यात बदलू’ म्हणून तशीच चालवली आणि शेवटी बोअरचं काम निघालं. ग्लास फायबर किंवा कार्बनची पाती कडेने झिजते, तिचे धागे सुटतात, पण ती तुटली तरी एवढी नासधूस सहसा होत नाही. दोन्हींत ग्लास फायबर स्वस्त, आणि तुझ्या वापराला पुरेशी.

बसवण्याआधी रीड ब्लॉक उजेडासमोर धर. पाती आणि बैठक यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर ती पाती नको. बैठकीचं रबर फुगलेलं किंवा सुटलेलं असेल तर नुसत्या पात्या बदलून भागत नाही, अख्खा ब्लॉक घे. पुण्यात नाना पेठेत जुन्या स्कूटरचे सुटे भाग मिळतात, जाशील तेव्हा जुना ब्लॉक सोबत ने, तोंडी वर्णनावर आणू नकोस. पातीमागची वाकवलेली स्टॉपर पट्टी काढ असं कुणी सांगेल, काढू नकोस, तिच्याशिवाय पाती प्रमाणाबाहेर वाकते. आणि स्क्रूला थ्रेडलॉकचा थेंब लाव. तिथला स्क्रू सुटला तर तो आतच पडतो.

राहिला कार्बोरेटरचा जेट. इथे मात्र कान देऊन ऐक. आपलं पोलादपूर दरीत, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. वर हवा खालच्यापेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते. रीड किंवा सायलेन्सर बदलला की जेट पुन्हा बघावाच लागतो, आणि तो इथे, खाली बघायचा. खाली बरोबर बसवलेला जेट वर गेल्यावर थोडं जास्त पेट्रोल देतो, गाडी जरा सुस्त होते, इंजिनाला धोका नाही. पण वर महाबळेश्वरात मस्त पळावी म्हणून तिथेच जेट बारीक केलास, तर खाली उतरल्यावर पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि इंजिन सीज होतं. प्लग काढून बघत जा. भाजलेल्या भाकरीच्या डागांसारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा दिसला तर गाडी तिथेच थांबव.

घाबरू नकोस गं, ब्लॉक खोलायला अर्धा तास पुरतो. रविवारी सकाळी पाऊस नसेल तर गाडी घेऊन ये, जुना ब्लॉकही आण. तुझ्या सायलेन्सरला साजेशा पात्या आपण दोघी मिळून लावू, आणि घाटात नेण्याआधी कापडे गावापर्यंत चालवून प्लग बघू.