काटक्यांचा अंगरखा

अमेरिकेतील शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या काठी ग्रँट पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. १९९२ साली एके दिवशी तेथील एका बाकावर निक केव्ह नावाचे कलाशिक्षक खिन्न मनाने बसले होते. (याच नावाचा एक गायकही प्रसिद्ध आहे, तो निराळा.) आदल्या वर्षी लॉस एंजेलिस शहरात पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर निर्दयपणे मारहाण केली होती. केव्ह हेही कृष्णवर्णीय. उद्या हाच प्रसंग आपल्यावर ओढवू शकेल, हा विचार त्यांच्या मनातून जाईना.

इतक्यात पायाशी पडलेल्या एका वाळक्या काटकीकडे त्यांची दृष्टी गेली. कोणीही तुडवावी, कोणीही झाडून टाकावी, अशी ती काटकी! तिच्यात त्यांना स्वतःचीच अवस्था दिसली. त्यांनी बागेतील काटक्या वेचल्या, त्यांचे बोटाएवढे तुकडे केले, प्रत्येकास भोक पाडले आणि तारेने ते एका अंगरख्यावर दाटीने गुंफले. आपण शिल्प घडवीत आहोत, एवढीच तोवर त्यांची समजूत होती. परंतु तो अंगरखा अंगात घालून ते हलले मात्र, आणि साऱ्या काटक्या खळखळून वाजू लागल्या! आपली दाद लागावयाची तर आवाज चढवावा लागतो, हे त्यांना त्या नादाने सुचविले. अशा पोशाखांना ते ‘साउंडसूट’, म्हणजे नाद करणारा पोशाख, म्हणू लागले.

केव्ह यांचा जन्म १९५९ साली मिसुरी राज्यात झाला. घरात सात भाऊ. थोरल्यांचे कपडे धाकट्यांनी वापरावयाचे. छोटा निक त्या कपड्यांत फेरफार करून ते आपलेसे करी. पुढे त्यांनी कलाशाळेत वस्त्रकलेचे आणि आल्व्हिन एली यांच्या संस्थेत नृत्याचे शिक्षण घेतले.

हा पोशाख नर्तकाला नखशिखान्त झाकतो. आतील माणूस काळा की गोरा, स्त्री की पुरुष, श्रीमंत की गरीब, काहीच कळत नाही. ज्या कातडीवरून माणसाची पारख होते, ती कातडीच दिसेनाशी होते. मग पाहणाऱ्याला नाचच पाहावा लागतो! मला तर हीच या कलेतील मोठी खुबी वाटते.

गुंड्या, जुने स्वेटर, मोडकी खेळणी अशा टाकाऊ वस्तूंपासून त्यांनी पाचशेहून अधिक पोशाख घडविले आहेत. संग्रहालयांत ते मूर्तीसारखे उभे असतात. पण तेथे त्यांचा नाद ऐकू येत नाही. तो २०१३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर प्रवाशांनी ऐकला. रंगीबेरंगी तंतूंनी मढविलेले तीस घोडे तेथे आठवडाभर नाचले. प्रत्येक घोड्याच्या पोटात दोन नर्तक होते, आणि गाडी गाठण्यासाठी धावणारी माणसे सळसळ ऐकून जागच्या जागी थांबत होती.