जुन्या टेम्पोचा सेल्फ लागत नाही? बॅटरी घेण्याआधी अर्थिंग तपासा

धंद्याची पहिली गाडी आपण बहुतेक जण सेकंड हँडच घेतो. मग एक दिवस पहाटे माल भरून तयार, सेल्फ मारला तर नुसतं "टक". मार्केटची वेळ चुकली म्हणजे दिवसाची कमाई गेली. घाईघाईत नवी बॅटरी बसवतो आणि थोड्याच दिवसांत परत तोच त्रास. कारण पुष्कळदा दोष बॅटरीत नसतो, अर्थिंगमध्ये असतो.

करंट प्लसच्या वायरने जातो आणि इंजिन-बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत येतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला वेगळी जाड अर्थ वायर लागते. जुन्या गाडीत तिच्या टोकांना गंज चढतो. आता हिशोब बघा. सेल्फ १५० अँपिअर खेचतो असं धरा. जोडणीत फक्त ०.०१ ओहम अडथळा असला, तरी १.५ व्होल्ट वाटेतच संपतात!

तपासणी कशी करायची?

१. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा.
२. उभ्या गाडीत बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल, तर आधी चार्ज करा.
३. एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. हात आणि वायरी पंखा-बेल्टपासून लांब. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा.
४. सेल्फ फिरत असताना आकडा ०.५ च्या वर गेला, तर अर्थिंग खराब.
५. आता टप्प्याटप्प्याने मोजा: खुंटी ते टर्मिनल, टर्मिनल ते बॉडी, बॉडी ते इंजिन. जिथे आकडा मोठा, तिथे दोष.

दुरुस्ती

आधी मायनस काढा. नट-बोल्ट सोडवून थिंबल आणि बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. वायर आतून हिरवी-काळी पडली असेल, तर तितकीच किंवा जास्त जाड नवी टाका. घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. मायनस सगळ्यात शेवटी जोडा. मग परत मोजा. आकडा खाली आला, तरच काम झालं.

धंद्यातही हेच लागू होतं मित्रांनो. विक्री कमी झाली की आपण लगेच नवा माल, नवी जाहिरात करतो. गळती कुठे आहे ते बघतच नाही. आधी मोजा, मग पैसे काढा. या रविवारी गाडी धुवाल तेव्हा सुरुवात अर्थ वायरपासून करा.