न वाचता येणारी अक्षरे

चीनमध्ये सुंदर हस्ताक्षर ही चित्रकलेच्या तोडीची कला मानतात. कवीचा कुंचला तोच चित्रकाराचा. याच परंपरेत वाढलेल्या शू बिंग या चित्रकाराने १९८७ साली एक विलक्षण उद्योग आरंभिला. सुमारे ४,००० अक्षरे त्याने लाकडावर उलटी कोरली, जुन्या रीतीने छापली, त्यांचे ग्रंथ बांधले आणि छापील कागदाचे लांब पट्टे छताला टांगले. १९८८ मध्ये बीजिंगला हे काम प्रथम मांडले गेले. त्यातील एकही अक्षर खरे नव्हते! वळण चिनी, घडण चिनी, अर्थ मात्र शून्य. या कृतीला आपण 'आकाशग्रंथ' म्हणू. शू बिंगची आई विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागात काम करी, म्हणजे तो पुस्तकांतच वाढला. परंतु १९५६ पासून सरकारने अक्षरे सोपी करण्यास आरंभ केल्याने शाळेत शिकलेली अक्षरेही बदलत गेली.

या ग्रंथापुढे पंडितही निरक्षर ठरतो, असे त्याचे कौतुक होते. ते वाचताना मला आमच्या घरची पत्र्याची पेटी आठवली. तीत एक मोडी कागद आहे. खाली पणजोबांचा अंगठा. पंडितांना जो अनुभव प्रदर्शनात एकदा आला, तो पणजोबांना प्रत्येक कागदापुढे येत असला पाहिजे. फरक इतकाच की त्यांच्या कागदातील अक्षरे खरी होती आणि ती दुसऱ्या कोणाला तरी वाचता येत होती.

आपल्याकडे अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून मोडी व देवनागरी यांच्या मेळातून 'मुक्तलिपी' घडविली. मोडीचा ओघ चित्राला मानवतो. आधी ओळभर रेघ ओढायची, मग हात शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जायचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तुटत नाहीत. भिंतीवर हे मोहक दिसते, परंतु अंगठ्याच्या वर तेच वळण पाहिले की माझे मन त्यात रमत नाही.

आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईस, दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा वेदान्ताचा विषय आकृत्या काढून मराठीत लिहिला. तेथेही अक्षर आणि चित्र एकत्र आहेत. पण सारा खटाटोप समजावून देण्यासाठी. मला हे शू बिंगच्या ग्रंथाहून धाडसाचे वाटते. कोणी हसेल, हसो.

दिवाळीच्या सुट्टीत मी मोडीची बाराखडी घेऊन बसलो. आकडे लगेच लागले, कारण ते देवनागरीच्या जवळचे. फसली १३४४, म्हणजे इसवी सन १९३४-३५. निजामी राज्यात हेच साल चाले. मग 'बैल' लागला, मग पणजोबांचे नाव. मी ते मोठ्याने वाचले तेव्हा आजोबा म्हणाले, "परत वाच." पुढच्या दोन ओळी अजून लागलेल्या नाहीत.