पहिलीचा प्रवेश आणि सोळा टन ऊस

परवा रात्री बोलता बोलता तू रडायला लागलीस, तेवढ्यात मागून कारखान्याचा भोंगा वाजला आणि तू फोन ठेवलास. पाहुण्यांची, तुझ्या नवऱ्याची, पाळी सुटली असणार. राहिलेलं आज लिहून पाठवते. फोनवर तू मला मधेच तोडतेस, लिहिलेलं तरी निमूट वाचावं लागेल.

तुझं दुखणं मला कळतं गं. जाऊबाईंच्या पोराला न्यायला खासगी इंग्रजी शाळेची व्हॅन दारात येते, तो टाय लावून चढतो आणि आपली पोरगी उंबऱ्यावर उभी राहून बघते. त्यात सासूबाई म्हणाल्या, एका घरातलं एक लेकरू व्हॅनमध्ये आणि एक पायी, बरं दिसत नाही. या ‘बरं दिसत नाही’पायी आपल्याकडं लग्नांत किती वावरं गेली ते तू बघितलंयस. आता शाळेपायी जायला लागली आहेत, एवढाच फरक.

तू त्या शाळेच्या फीचे आकडे सांगितलेस ते मी कागदावर मांडले. फी २२,००० रुपये. व्हॅन महिन्याला १,००० प्रमाणे दहा महिन्यांचे १०,०००. पुस्तकं-वह्या त्यांच्याकडूनच घ्यायच्या, ५,०००. दोन गणवेश, बूट, पीटीचे वेगळे कपडे, ३,५००. गॅदरिंग, सहल, ‘ॲक्टिव्हिटी’ मिळून १,५००. झाले ४२,०००. टनाला सत्तावीसशे भाव धरला तर साडेपंधरा टन होतात, सोळाच धर. म्हणजे दर साली सोळा टन ऊस फक्त पहिलीतल्या पोरीच्या नावानं तोडायचा. तुमचा ऊस दोन एकर. त्यातून तोडणी-वाहतूक, खत, पाणी, सोसायटीचं कर्ज वजा कर आणि मग बघ उरतं किती.

खरं तर या सालचे ४२,००० तुम्ही भराल, मला माहीत आहे. पोत मोडशील, पण भरशील. मला धास्ती पुढच्या सालांची आहे. खर्च दर वर्षी दहाच टक्क्यांनी वाढला असं धरलं, तरी पोरगी दहावीत जाईल तेव्हा तो लाखाच्या घरात असेल आणि दहा वर्षांची बेरीज पावणेसात लाखांच्या आसपास जाईल. धाकट्याचं अजून धरलेलंच नाही. त्यात भरणा जूनमध्ये. पाहुणे हंगामी कामगार, पट्टा पडला, हंगाम संपला, की हातात रिटेन्शनचे तेवढे पैसे. त्याच महिन्यात बी-बियाणं, त्याच महिन्यात खत. वर्षातला सगळ्यात कोरडा महिना शाळेनं निवडलेला असतो. म्हणून म्हणते, या जूनला जमेल का हे विचारूच नको. असे दहा जून जमतील का, आणि त्यातले दोन दुष्काळाचे निघाले तरी जमतील का, ते विचार.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या मोसंबीचं तुला आठवतं ना? चारशे झाडं होती. त्या जिवावर मी थोरल्याला तालुक्याला इंग्रजी शाळेत घातला. नाव घेत नाही, आता घेऊन काय करायचंय? २०१२ ला पावसानं दगा दिला. जायकवाडीतच पाणी नव्हतं तर कालव्याला कुठून येणार! जालन्याला माणसांना प्यायला टँकर पुरेनात, तिथं झाडांना कोण विचारतो? उन्हाळ्यात बाग उभी वाळली आणि २०१३ च्या जूनला तुझ्या दाजींनी तिला कुऱ्हाड लावली. त्याच महिन्यात पोराच्या वहीत ‘फी बाकी’ची चिठ्ठी आली. मग दुसरी. मग त्याला वर्गाबाहेर उभा केला. ते त्यानं घरी सांगितलंच नाही, व्हॅनवाल्यानं सांगितलं.

शेवटी काढायचं ठरवलं, तर बाकी भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही म्हणाले. मी रडत परत आले. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तेव्हा मला कुठं माहीत होतं? आठवीपर्यंतचं लेकरू सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. आमच्या गावच्या गुरुजींना ते ठाऊक होतं. त्यांनी त्याला दाखल्याविनाच चौथीत बसवून घेतला.

पण खरं कळलं ते पुढंच. गुरुजींनी मराठीचं पुस्तक पुढं ठेवलं, त्याला वाचता येईना. म्हटलं, इंग्रजीत होता, चालायचंच. घरी आल्यावर मी त्याचंच इंग्रजी पुस्तक मधूनच उघडून दिलं. तेही येईना! धडा पहिल्या ओळीपासून धरला की खडाखडा म्हणायचा, मधली ओळ दाखवली की गप्प. चार वर्षं मी पाहुण्यारावळ्यांपुढं त्याला कविता म्हणायला लावत होते, आणि लेकरू वाचत नव्हतं, पाठ म्हणत होतं. त्यात सगळी चूक शाळेची नव्हती. मी दहावी, तीही मराठीतून. त्याच्या वहीत काय लिहिलंय हे मलाच कळत नव्हतं, मग मी काय तपासणार? आज तो पुण्यात नोकरीला आहे, बरं चाललंय त्याचं. पण चौथीच्या त्या सालाचा विषय निघाला की उठून जातो.

म्हणून शाळा मधेच बदलावी लागणं सगळ्यात महाग पडतं, असं माझं मत झालंय. स्वस्त शाळेतून पुढं महागात जाता येतं, लेकरू फुशारकीनं जातं. महागातून स्वस्तात आणावं लागलं की ते स्वतःला नापास समजतं.

याचा अर्थ डोळे झाकून जिल्हा परिषदेच्या शाळेत घाल, असा घेऊ नकोस. तिथंही डोळे उघडे लागतात. कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे चार वर्ग दोघांत, एका मास्तराकडं दोन-दोन. त्यातल्या एकाची बदली झाली किंवा त्याला निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या कामाला लावलं की उरलेल्यानं चारही वर्ग धरायचे. पट फार घसरलेला असेल तर ती शाळा राहते की जाते, याचाही घोर. त्या मानानं तुमच्याकडं कारखान्यामुळं वस्ती दाट आहे, हंगामात ऊसतोड टोळ्यांची लेकरंही येतात. बाकी पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारचं जेवण शाळेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया. त्या समितीत तू जा. खासगीत तुला फाटकाच्या आत कोण घेतं?

आणि ‘खासगी’ हा शब्द तू ज्या एका अर्थानं वापरतेस ना, तिथंच घोळ आहे. संस्थेच्या अनुदानित शाळेत मास्तरांचा पगार सरकार देतं, तिथं पोरीला फीचं ओझं नसतं. अंबड-घनसावंगी पट्ट्यात मत्स्योदरी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी शाळा-कॉलेजं काढली नसती तर आपल्यातल्या किती पोरी चौथीवर घरी बसल्या असत्या! विनाअनुदानित आणि २०१२ च्या कायद्याखालच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा वेगळ्या, त्यांचा सगळा गाडा तुझ्या फीवर चालतो. तेव्हा शाळेत गेलीस की पहिल्यांदा विचार, अनुदानित की विनाअनुदानित, आणि शाळेचा सरकारी यू-डायस क्रमांक काय. अकरा आकडी असतो. तो सांगायला जे का कू करतात त्यांच्या दारात पुन्हा जाऊ नकोस, मग इमारत कितीही चकचकीत असो.

इमारत बघूच नको. दोन्हीकडच्या तिसरी-चौथीतल्या दोन-दोन पोरांना गाठ. शाळेत नको, दुकानापाशी, मंदिरापाशी. दुसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा वाचायला दे आणि हातच्याची एक वजाबाकी घाल. ‘प्रथम’ संस्थेची माणसं ‘असर’च्या शैक्षणिक पाहणीला गावोगाव जातात, तीही असंच घरी बसून विचारतात. यात अर्धा तास जाईल, पण कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळेल. आणि एक विचार, पहिलीच्या बाई किती वर्षं तिथं आहेत? छोट्या इंग्रजी शाळांत तुटपुंज्या पगारावर बाया टिकत नाहीत, दिवाळीनंतर वर्गात नवा चेहरा. लेकराला शाळा म्हणजे ती बाई, बाकी सगळं आपल्यासाठी असतं.

सकाळच्या व्हॅनचंही डोळ्यांपुढं आण. हंगामात शहागड-वडीगोद्रीच्या रस्त्याला उसाच्या जोड ट्रॉल्या, मागं दिवा नाही, थंडीत धुकं, आणि आपली सहा वर्षांची पोर त्यात रोज जाणार-येणार. मला नाही बाई झोप लागायची.

इंग्रजीची तुझी भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण बऱ्याच मराठी शाळांत आता सेमी आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून. तुमच्या शाळेत आहे का आणि कितवीपासून, ते विचार. भाषा मराठी राहिली तर निदान चौथीपर्यंत तू स्वतः पोरीला घेऊन बसू शकशील. नाहीतर फी भरून वर शिकवणी लावायची, आणि तू मात्र बाहेर चहा करत बसणार.

तरीही खासगीच हवी असेल तर आरटीईचा, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचा अर्ज भर. लॉटरीत नाव निघालं तर आठवीपर्यंत फी नाही. आर्थिक दुर्बलमधून भरायचा तर वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, वंचित घटकातून भरायचा तर जातीचा दाखला. जवळपास सरकारी शाळा असली की खासगीला यातून सूट, असा नियम सरकारनं २०२४ च्या फेब्रुवारीत केला होता. उच्च न्यायालयानं जुलैत तो रद्द केला, तेव्हा कुणी तसं सांगून परत पाठवलं तर ऐकू नकोस. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव. व्हॅनचे पैसे तुमचेच. आणि नववीला फी सुरू होते, तेव्हा शाळा हात वर करते आणि पोरीच्या मैत्रिणी तिथंच असतात. हा नववीचा जून आत्ताच हिशेबात धर.

फीबद्दल अजून एक. २०११ च्या कायद्याप्रमाणं फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ती मांडावी लागते आणि एकदा ठरली की दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. जाऊबाईंना विचार, अशी समिती त्यांनी कधी बघितली का. बघितली असेल तर ती शाळा बरी.

आता पैशाचं. मी तुझ्या जागी असते तर पोरीला आत्ता पायी पाठवली असती आणि त्या ४२,००० मधले निम्मे तरी पोस्टात सुकन्या समृद्धीत टाकले असते. दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावानं खातं उघडतं, २५० रुपयांपासून भरता येतं. पाऊस दगा देईल त्या साली २५०च भर, कोणी वर्गाबाहेर उभं करत नाही. दहावी पास झाली किंवा अठराची झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. खरा खर्च अकरावी-बारावीला येतो, तेव्हा लातूरचे क्लास म्हण, संभाजीनगरची खोली म्हण. पहिलीतल्या टायवर पैसा संपवलेली माणसं तेव्हा सावकाराच्या दारात उभी असलेली मी बघितली आहेत.

शिवाय काही दारं सरकारी, अनुदानित शाळेतल्यांनाच उघडी असतात, हे कुणी सांगत नाही. आठवीला एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. विनाअनुदानित शाळेतल्या पोरांना त्या परीक्षेला बसताच येत नाही. नवोदय तर अंबडलाच आहे. सहावीला प्रवेश, राहणं-खाणं सगळं तिथंच, पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातल्या लेकरांना आणि एक तृतीयांश मुलींना. कारखान्याच्या भोंग्यावर उठणारी पोरगी नवोदयच्या घंटेला सहज उठेल. नवोदय नाही मिळालं तरी पाचवीनंतरच्या प्रवासाची काळजी आत्ता नको, बारावीपर्यंत एसटीचा पास मुलींना फुकट मिळतो.

सासूबाईंना काय सांगायचं, हे तू विचारलंस. काही सांगू नकोस. पोरीला रोज रात्री त्यांच्यासमोर वाचायला बसव. डिसेंबरपर्यंत ती त्यांना पेपर वाचून दाखवेल आणि त्या गल्लीभर सांगत फिरतील. जाऊबाईंशी मात्र वाकडं बोलू नकोस. त्यांचं पोरगं तिथं रमलं असेल तर रमू दे, त्यांच्या घरात पगार बारमाही आहे.

रविवारी मी येते. पाहुण्यांना म्हणावं, ते फीचं पत्रक अजून फाडू नका आणि सही तर मुळीच करू नका. मागच्या पानावर बारीक अक्षरात काय छापलंय ते मला चष्मा लावून वाचायचंय. आणि येताना मी दुसरीचं पुस्तक आणते, तुझ्या गल्लीतली दोन-चार पोरं तेवढी थांबवून ठेव.