एकच ट्रेक, वेगवेगळी पावले

प्रश्न : डिसेंबरात आम्ही आठ जण दोन दिवसांत राजगड-तोरणा करणार आहोत. मुलगी रोज पळते. यजमान अठ्ठावन्न वर्षांचे, गुडघे दुखतात. सगळ्यांना जमेल का, की त्यांना घरीच ठेवावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : घरी कुणालाच ठेवू नका. एकत्र ट्रेक म्हणजे प्रत्येकाने सारखीच वाट तुडवायची, हा गैरसमज आहे.

पहिल्या दिवशी सर्वांनी पाली दरवाजाने राजगड चढावा. पायऱ्यांची ही वाट गुंजवण्याच्या चोर दरवाजापेक्षा सोपी आहे. यजमानांनी पद्मावती माचीवर निवांत फिरावे. बालेकिल्ल्याचा उभा कातळ टाळला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी दमदार मंडळींनी संजीवनी माचीकडून डोंगरधारेने तोरणा गाठून वेल्ह्यात उतरावे. बाकीच्यांनी पालीला उतरून गाडीने वेल्ह्यात यावे.

वेळेच्या हिशेबाला स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ चा आडाखा उपयोगी पडतो : पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा धडधाकट माणसाचा वेग. तुमच्या गटासाठी त्यात सढळ वाढ करा.

काही काळज्या मात्र घ्या. गुडघ्यांवर चढापेक्षा उताराचा ताण जास्त येतो, म्हणून दोन काठ्या आणि छोटी पावले. डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्या. धारेवर पाण्याचा भरवसा नाही; प्रत्येकी तीन-चार लिटर जवळ असू द्या. सर्वांत मागे अनुभवी माणूस हवाच. गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा. नसल्यास पायथ्याच्या गावात राहा आणि तोरण्याला जाणाऱ्यांनी पहाटेच निघावे.