डिझेल एंजिन व नळींतील हवा

ट्रकाचें डिझेल एंजिन ठिणगीवांचून चालतें. दाबानें तापलेल्या हवेंत तेलाचा बारीक फवारा उडाला कीं तो पेटतो. रुडॉल्फ डीझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींत हें सिद्ध करून दाखविलें.

तेलांतील कचरा अडविणारा फिल्टर बदलतांना नळींत हवा शिरते. तेल दाबानें फारसें आक्रसत नाहीं, हवा मात्र आक्रसते. त्यामुळें पंपाचा जोर फुकट जाऊन फवारा उडत नाहीं. म्हणून नवा फिल्टर बसवितांच आम्ही त्याच्या माथ्यावरील स्क्रू किंचित् सैल करून हातपंप दाबीत राहतों. प्रथम फेंस येतो, मग बुडबुडे, शेवटीं निर्मळ तेल. तेव्हांच स्क्रू आंवळतों. एवढी सबुरी न धरणारा बॅटरी रिती करून रस्त्यांतच अडकून बसतो!